लिंका पाठवणाऱ्या मामाचं पत्र

पुणे,
ज्येष्ठ अमावास्या

चि. छकुली,


तू आता कुडाळात कोकमाच्या धंद्यात चार बायकांना रोजगार देतेस, तरी पत्राच्या आरंभी मला हेच नाव सुचतं. चालवून घे.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, ‘‘मामा, तुझ्या लिंका मी उघडतच नाही. अंगणात रातांब्याची सालं वाळत पडलेली असतात, आभाळ भरून येतं, तेवढ्यात फोन वाजतो. वाटतं, गिऱ्हाईक आलं. बघते तर तू!’’ तू हसलीस, मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र चष्मा लावून आपला व्हॉट्सॲप वर सरकवत गेलो. पाडव्यापासून मी तुला ११२ लिंका पाठवल्यात. उद्योग कसा वाढवावा, जाहिरात कशी करावी, ब्लॉग का लिहावा. तुझ्याकडून आले नऊ अंगठे आणि एकदा, ‘मामा, इंग्रजी फार आहे.’

आता कबूल करतो. त्यांतले निम्मे लेख मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेले नव्हते. सकाळचा चहा, मथळा वाचायचा, ‘हे छकुलीच्या कामाचं’ म्हणायचं आणि बाण दाबायचा. भाचीसाठी काहीतरी केल्याचं समाधान मिळे, आणि पोरीला कामाला लावून आपण मोकळे. मोझिलाने ‘पॉकेट’ ही लेख साठवून ठेवायची सेवा ८ जुलै २०२५ला बंद केली, तेव्हा मी माझी यादी उतरवून घेतली होती. ‘नंतर वाचू’ म्हणून ठेवलेले शेकडो लेख होते. ते ‘नंतर’ काही उगवलं नव्हतं. जे मला वाचवलं नाही ते तुझ्या अंगणात टाकत होतो, असा त्याचा अर्थ.

गंमत बघ. सेथ गोडिनचं ‘परमिशन मार्केटिंग’ हे पुस्तक १९९९चं. समोरच्याने परवानगी दिलेली असावी, त्याने वाट पाहावी आणि मजकूर त्याच्या उपयोगाचा असावा, हे त्याचं मुख्य सांगणं. न विचारता दारात ओरडणारा विक्रेता त्याला नको आहे. या गोडिनचेच लेख मी तुला न विचारता, सकाळी सहाला, पाच-पाचच्या जुडीने पाठवत होतो.

म्हणून गेल्या आठवड्यात एकच लेख घेतला आणि तुमच्या आमसुलांसारखी त्याला पुटं दिली. वाचला, ठेवला, पुन्हा वाचला, चार वेळा. पॉल ग्रॅहमचा जुलै २०१३चा निबंध. सुरुवातीला अशी कामं करा, जी मोठ्या प्रमाणावर करता येणारच नाहीत, असा त्याचा आग्रह आहे. लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक न्यूयॉर्कमध्ये दारोदार हिंडले. नवे घरमालक जोडायचे आणि जे होते त्यांच्या जाहिराती सुधारून द्यायच्या. पण मी थबकलो ते स्ट्राइपपाशी. इंटरनेटवर पैसे स्वीकारायची सोय देणारी ही कंपनी पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन या भावांची. ग्रॅहम लिहितो की बुजरे लोक ‘वापरून बघाल का?’ असं विचारतात, समोरचा ‘हो’ म्हणाला की ‘लिंक पाठवतो’ म्हणून निघून जातात. हे दोघे भाऊ म्हणत, आणा तुमचा लॅपटॉप इकडे. आणि तिथल्या तिथे सगळं जोडून देत.

हे वाक्य या आधी दोनदा तरी माझ्या नजरेखालून गेलं असेल. त्यात मी आहे हे चौथ्या वाचनात कळलं. मी ‘लिंक पाठवतो’ म्हणणारा. तुझ्याजवळ बसून, मराठीत, ‘यातलं एवढंच तुझं’ असं सांगणारा मी कधी झालोच नाही.

तेव्हा आता लिंक नाही, वाचून उरलेलं तेवढं सांगतो.

केविन केलीचा ‘हजार सच्चे चाहते’ हा २००८चा लेख. त्याचं गणित कलावंतांसाठी आहे, एका चाहत्यामागे वर्षाला १०० डॉलर सुटायला हवेत. ते आपल्याला लागू नाही. तू घरं मोज. हजार घरं, घरटी वर्षाला कोकमाच्या सहा बाटल्या, बाटलीमागे ४० रुपये सुटले तर २,४०,०००. मात्र त्याची एक अट सोडू नकोस. पैसे गिऱ्हाइकाकडून थेट तुझ्या हातात यायला हवेत. हायवेवरच्या दुकानात बाटली खपते, पण ती कोणाच्या घरी गेली हे तुला कळत नाही.

ब्लॉगचं म्हणशील तर धंदेवाल्याने गिऱ्हाइकांसाठी लिहिणं हा प्रकार नवा नाही. जॉन डिअर या अमेरिकेतल्या नांगरवाल्या कंपनीने १८९५मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक काढलं. फरो म्हणजे नांगराचं तास. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यांनीच नंतर वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि शं. वा. किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आपल्या आजीकडे त्याचे बांधीव अंक होते, तुला आठवणार नाहीत. घरातल्या कोणीही कधी नांगर विकत घेतला नव्हता, पण किर्लोस्कर हे नाव घरचं होतं.

तू म्हणतेस, मी काय लिहिणार? मागच्या महिन्यात तूच सांगितलंस, दादरच्या एका बाईंनी तुझ्या आगळात साखर-पाणी घालून सरबत केलं आणि खारट लागलं म्हणून बाटली परत पाठवली. अगं, हाच तुझा पहिला लेख! आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, तो सोलकढीसाठी. साखरेतलं ते अमृत कोकम, सरबताचं. आपल्याला हे जन्मापासून माहीत, म्हणून ते सांगायची गोष्ट वाटत नाही. दादरला माहीत नाही, नागपूरला तर नाहीच. दहा ओळी लिही, दोन बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढ, आणि सगळ्यांत आधी त्या बाईंनाच पाठव. विचारून पाठव. ‘व्यवसायवाढीचे सात मंत्र’ छापाचं काही लिहू नकोस. ते लिहिणाऱ्यांनी बहुधा कधी बाटलीचं बूचही लावलेलं नसतं.

मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतोय. पावसात तुझं काम जरा सैल असेल, तेव्हा ओटीवर बसून ग्रॅहमचा तो निबंध तुला मराठीत वाचून दाखवीन, कंटाळलीस की थांबेन. तोवर एक कर. या मोसमात गिऱ्हाइकांनी काय काय विचारलं ते एका वहीत लिहून ठेव, त्यांच्याच शब्दांत, खुळचट वाटलं तरी गाळू नकोस.

आणि मला आगळाच्या दोन आणि अमृत कोकमची एक बाटली पाठव. पैसे आज पाठवले आहेत, पूर्ण भावाने. मामा म्हणून परत करू नकोस.

तुझा
मामा