मागचं वचन, पुढचं वचन

आमच्या मंडळीत कुणाचं पुस्तक निघालं की रविवारच्या उपासनेनंतर पुलपिटापुढे टेबल मांडतात. पाळकसाहेब प्रार्थना करतात, दोघं-तिघं चांगलं बोलतात आणि दाराशी प्रती खपतात. पुढच्या रविवारी लेखक गाठतोच, "मावशी, वाचलं का? अभिप्राय द्या ना." इथं यवतमाळात मंडळीचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे असतं. त्यात रोजच्या मननाची पुस्तकं आहेत, संदेशसंग्रह आहेत, साक्षी आहेत, जुनी-नवी गीतपुस्तकं आहेत. पुस्तक नेणारा प्रत्येकजण विचारतो, कसं आहे? मी खरं ते सांगते. देवाचं नाव असलेल्या पुस्तकात खोट काढू नये असं मानणारे आमच्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. पुस्तक माणसानं लिहिलेलं असतं, आणि ते ज्या घरात जाणार त्या घरात सध्या काय चाललंय हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. मला बहुतेक वेळा ठाऊक असतं.

मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ एका वाचकाच्या तक्रारीतून सुरू होतो, हे मी अशा मंडळींना नेहमी सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि छपाई रोमन लिपीत. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी प्रसंग रचलाय तो असा: पाद्री धर्मशिक्षण देताहेत, आणि नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काय दिलंत? त्या काळच्या गोव्यात, पोर्तुगीज सत्तेखाली, पाद्र्याला हे तोंडावर विचारणं सोपं नव्हतं. स्टीफन्सनी त्याला गप्प केलं नाही. उलट त्याचं म्हणणं ग्रंथाच्या दारातच बसवलं आणि उत्तर म्हणून सगळं पुराण रचलं, तेही लोकांच्या कानाला सवयीच्या ओवीत. खऱ्या अभिप्रायाला मिळालेलं याहून मोठं उत्तर मला माहीत नाही.

दुसरे वाचक म्हणजे नारायण वामन टिळक. ते तर आमच्या वाटेवरचेच. नागपुराहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 1893 चं साल. टिळकांचा पिंड अभ्यासकाचा, हाती पेन्सिल घेऊन पुस्तक वाचण्याचा. याही पुस्तकाला त्यांनी तशीच सुरुवात केली, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचल्यावर त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचायला बसले तेव्हा त्यांना कुणाची भीडही नव्हती आणि कुणाशी वैरही नव्हतं. भक्तीचं पुस्तक असंच वाचावं असं मला वाटतं. पुढं मंडळीतली परदेशी चालींवर बेतलेली गीतं त्यांना कोरडी वाटली, तर ते नुसते नाराज होऊन बसले नाहीत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. त्यांची गीतं आज आम्ही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून म्हणतो.

माझी पद्धत साधी आहे. रोजच्या मननाचं पुस्तक असेल तर मी ते रोज एक पान असंच वाचते, पहाटे, घर उठायच्या आधी. एका बैठकीत पन्नास पानं वाचून त्यावर मत देणं हा लेखकावर अन्याय आहे. त्यानं ती पानं तशी वाचायला लिहिलेलीच नसतात. पहिल्या वाचनात पेन्सिल धरत नाही. दुसऱ्या वाचनात शेजारी पवित्र शास्त्र उघडं ठेवते, आणि लेखकानं दिलेलं प्रत्येक वचन त्याच्या मागच्या-पुढच्या वचनांसकट वाचते. पुस्तकाची बरीचशी परीक्षा इथंच होते. नव्या वर्षाच्या पानावर यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं अकरावं वचन हमखास येतं, देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत असं सांगणारं. वचन खरंच मोठं आहे. पण ते आहे एका पत्रात, आणि पत्र आहे धरून बाबेलला नेलेल्या लोकांना. लगेच आधीचं दहावं वचन सांगतं की सुटका सत्तर वर्षांनी होईल. त्याच्याही आधी सांगितलंय, तिथंच घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना सुटकेचा दिवस दिसणारच नव्हता. हे दहावं वचन गाळून अकरावं देणाऱ्या पुस्तकाच्या समासात मी "70?" एवढंच लिहिते. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायाचंही तसंच. मला सर्व काही शक्य आहे, हे परीक्षेला बसणाऱ्या पोरांना लिहून देतात. पौल मात्र तुरुंगातून लिहितोय, आणि उपाशी राहायलाही आपण शिकलो आहोत, हे त्यानं त्याच्या आदल्याच वचनात सांगून टाकलंय.

एवढ्या बारकाईनं कशाला, असं मला विचारतात. आमचा जिल्हा कापसाचा आणि कर्जाचा. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं इथले शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. अशा जागी, विश्वास पुरेसा असला की संकट टळतं, असं लिहिलेलं पुस्तक घरात जाणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. आमच्या ओळखीतल्या एका बाईचा नवरा गेला. कुणीतरी चांगल्या मनानं तिला एक पुस्तक दिलं, बरं होण्याबद्दलचं. महिन्याभरानं ती माझ्याकडे आली. पुस्तक पिशवीतून काढलं, एका पानाचा कोपरा दुमडला होता, तिथं बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, खरं सांगा जी, माहा विश्वास कमी पडला का?" त्या पानावर तसंच लिहिलं होतं, गोड भाषेत. मी म्हटलं, हे पुस्तक इथंच ठेवून जा. मग आम्ही ईयोबाचा बेचाळिसावा अध्याय वाचला, देव ईयोबाच्या मित्रांवर रागावतो तो. ते मित्रही हेच म्हणत होते, की तुझ्यातच काही उणं असणार. आणि देवानं सांगितलं की ते माझ्याविषयी नीट बोलले नाहीत, ईयोब बोलला. नंतर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, जे अंधारातच संपतं. त्याला आशेची ओळ जोडलेली नाही. मननाच्या पुस्तकांत हे स्तोत्र मला फारसं भेटत नाही. तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

साक्ष म्हणून काय वाचू असं कुणी विचारलं तर मी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे देते. टिळकांच्या अपुऱ्या राहिलेल्या ख्रिस्तायन या काव्यात याच बाईंनी पुढं 64 अध्याय घातले, पण माझ्या मते त्यांची भक्ती स्मृतिचित्रांत जास्त दिसते. नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःचा हट्ट, सोवळं-ओवळं मनातून जायला लागलेला वेळ, काहीच झाकलेलं नाही. विनोबांचं ख्रिस्तधर्म-सारही कपाटात आहे. पवनार आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलंच. ख्रिस्ती नसलेल्या माणसानं नव्या करारातलं काय उचललं आणि काय सोडलं, हे पाहायला तरी ते वाचावं. फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल ठेवलं तेव्हा एक-दोघांनी कुरकुर केली की ते कॅथलिक. 2019 चं साहित्य संमेलन आमच्या यवतमाळात झालं, आणि त्याच्या पुढच्या उस्मानाबादच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यानंतर मंडळीबाहेरचेही लोक ते पुस्तक मागू लागले. कुरकुर आपोआप थांबली.

आपल्या लोकांच्या पुस्तकांवर बोलणं सगळ्यांत कठीण. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून इथं यवतमाळात होती, 1983 मध्ये पुण्याला गेली. एवढी वर्षं शिकणारी-शिकवणारी माणसं गावात वावरली, त्यामुळे लिहिण्या-वाचण्याची हौस इथं आजही आहे. पण संदेश लिहायला बसलं की दृष्टांत समुद्रावरच्या दीपगृहाचे येतात, बर्फातल्या वाटाड्याचे येतात. मागच्या पावसाळ्यात एक तरुण पाळक संदेशसंग्रह घेऊन आले. धीर धरण्यावरच्या संदेशात वादळातलं जहाज होतं. मी ते पान त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकायला माझी सून होती आणि भाजी द्यायला आलेल्या काकू. वाचता वाचता ते आपणच अडखळले. मग गप्पांत त्यांनी सांगितलं, की ते लहान असताना एका वर्षी पाऊस दडला, पेरलेलं करपलं आणि दुबार पेरणीला बियाणं नव्हतं. आईनं कानातलं मोडलं, बियाणं आणलं, आणि पेरायच्या आधी धुऱ्यावर गुडघे टेकून ती कितीतरी वेळ काहीच न बोलता बसली होती. मी विचारलं, हे पुस्तकात का नाही? ते म्हणाले, "ते काय लिहायचं, मावशी? घरचं आहे." जाताना जरा नाराजच होते.

दिवाळीनंतर ते वही घेऊन आले. आईचं ते पान लिहिलं होतं, जहाज काढून टाकलं होतं. मोडलेल्या कानातल्याची किंमत, बियाण्याच्या पिशवीचा रंग, सगळं होतं. फक्त शेवटी आठ ओळींत, यातून आपण काय शिकलो ते सांगितलं होतं. मी त्या आठ ओळींभोवती पेन्सिलीनं चौकट केली. ते म्हणाले, शास्त्रवचन नको का? मी म्हटलं, वचन राहू द्या, बाकीचं काढा. ते मानायला तयार नाहीत. दुसरी आवृत्ती नाताळच्या आधी छापायची आहे, आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येणार आहेत भांडायला.