साडेसहा लिटर सोने

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांनी सोन्याच्या दोन तोफा करवून घेतल्या. थोरले बंधू खंडेराव महाराजांनी चांदीच्या करविल्या होत्या, म्हणून यांना सोन्याच्या हव्या झाल्या. 1870 ते 1875 एवढीच त्यांची कारकीर्द, आणि खजिना रिता करणाऱ्या त्यांच्या खर्चांत या तोफांचे नाव हमखास निघते. जुन्या इंग्रजी प्रवासी मार्गदर्शिकांत एकेका तोफेतील सोन्याचे वजन 280 पौंड दिलेले आहे, म्हणजे 127 किलो. हा आकडा निघाला की गोष्ट उधळपट्टीकडे वळते. माझे आयुष्य धातुविज्ञान शिकवण्यात गेले, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो: 127 किलो सोने जागा किती व्यापेल?

साडेसहा लिटर. नेहमीच्या पंधरा लिटरच्या बादलीत ते वितळवून ओतले, तर बादली निम्मीही भरणार नाही. त्याचा मीटरभर लांबीचा भरीव दांडा केला, तर त्याची जाडी नऊ सेंटीमीटरच्या थोडी वर जाईल. एवढ्या मालात तोफेची पोकळ नळी घडवायची आणि तिच्यातून बार काढायचा, तर आत पोलादाची नळी असलीच पाहिजे, असे माझे मत आहे. शुद्ध सोने इतके मऊ की दारूच्या दाबाने ते फुगेल. त्याच आकाराचा लोखंडाचा ऐवज 52 किलो भरला असता, चांदीचा 69.

सोन्याच्या बाबतीत डोळा नेहमी असाच फसतो. 1674 साली रायगडावर शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली. चित्रांत पारड्यात नाण्यांची मोठी रास दाखवतात. माणसाचे शरीर जवळपास पाण्याइतकेच घन, सोने पाण्याच्या 19.3 पट. म्हणून 60 किलोच्या माणसासमोर तीन लिटरच्या आसपास सोने पुरते. नाण्यांमधल्या फटी धरल्या तरी रास पारड्याच्या तळाशीच राहते. दहा ग्रॅमचा शुद्ध सोन्याचा ठोकळा तर बाजूला आठ मिलिमीटर असतो.

हातही फसतो, पण उलट दिशेने. वस्तू उचलण्याआधी डोळा तिचा आकार पाहून हाताला जोर ठरवून देतो. सोने त्या अंदाजाहून जड निघते आणि काट्यावरच्या वजनापेक्षाही जास्त वाटते. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंत लहान वस्तू जड वाटते, हे मानसशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच तपासले होते.

आता सोने एवढे घन का, याचे कारण. सोन्याचा अणू जड, हे उत्तर अपुरे आहे. शिशाचा अणू त्याहून जड असतो, तरी शिसे पाण्याच्या फक्त 11.3 पट. खरी तुलना चांदीशी करावी. चांदीचे आणि सोन्याचे अणू एकाच पद्धतीने रचलेले, आणि शेजारच्या अणूंमधले अंतरही जवळजवळ सारखे. अणुभार मात्र 108 आणि 197. म्हणजे घरे तेवढीच, राहणारे जवळपास दुप्पट जड. घनतेचे गुणोत्तरही तेवढेच येते. एवढा मोठा अणू चांदीच्या अणूइतकाच का राहिला? एक तर आवर्तसारणीत सोन्याच्या आधी येणाऱ्या चौदा मूलद्रव्यांच्या रांगेत अणू हळूहळू आकसत जातो. शिवाय सोन्याच्या केंद्रकाजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने धावतात, आणि सापेक्षतेच्या नियमाने बाहेरची कक्षाही आत ओढली जाते. सोन्याचा पिवळा रंग याच परिणामातून येतो. वजन आणि रंग एकाच कारणातून निघावेत, हे मला आजही विलक्षण वाटते.

बडोद्यात मांडवीजवळच्या घडियाळी पोळमध्ये सराफी पेढ्या दाटीने उभ्या आहेत. तिथल्या जुन्या सोनारांच्या हाताला हे गणित शिकवावे लागत नाही. दागिना तळहातावर झेलून ते भरीव की पोकळ हे सांगतात, आणि त्या अंदाजाला मी पूर्ण मान देतो. आकड्यांत हवे असेल तर दागिना हवेत तोलावा, मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोलावा. 20 ग्रॅमची 22 कॅरेटची भरीव पाटली पाण्यात सव्वा ग्रॅमपेक्षाही कमी हलकी होते. मुलामा दिलेली तेवढ्याच वजनाची पितळी पाटली सव्वादोन ग्रॅमच्या वर. फरक लपत नाही. लाख भरलेल्या बोरमाळेच्या मण्यांना किंवा गोठांना मात्र ही परीक्षा लावू नये. तिथे सोने खरे असूनही आकडा खोटे बोलतो, आणि आजीचा दागिना नाहक बदनाम होतो.

पाण्याची परीक्षा खऱ्या अर्थाने हरते ती टंगस्टनपुढे. त्याची घनता 19.25, म्हणजे सोन्याला अगदी खेटून. सोन्याच्या लगडीच्या पोटात टंगस्टन भरले, तर हात, काटा आणि पाणी तिघेही कौल चुकवतात. दुकानातले क्ष-किरण यंत्र पृष्ठभागाखालचे काही मायक्रॉनच पाहते, म्हणून तेही फसते. दागिन्यात हा धोका फारसा नाही, कारण टंगस्टन 3,422 अंशांना वितळते आणि सोनाराच्या भट्टीला ते दाद देत नाही. धोका मोठ्या लगडीत आहे. तिथे ध्वनी कामाला येतो: सोन्यातून तो सेकंदाला सुमारे 3,240 मीटर जातो, टंगस्टनमधून 5,200 च्या आसपास. असे उपकरण हाताशी नसेल, तर मोठी लगड घेणाऱ्याने ती छिन्नीने कापून पाहण्याचा आग्रह धरावा. सोने शांतपणे कापले जाते, टंगस्टनवर छिन्नीची धार मोडते.