मावळांतील रानांचीं कुळें

रान म्हणजे झाडांची गर्दी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु गर्दींतहि जत्रेची गर्दी निराळी, बाजाराची निराळी आणि लग्नघरची निराळी. कोण कोणाशेजारीं उभा आहे आणि मध्यभागीं मान कोणाचा, हें पाहिलें कीं ती कशाची गर्दी तें कळतें. वनस्पतींचेंहि तसेंच आहे. अमुक जमीन, अमुक पाऊस आणि अमुक उंची असली कीं कांहीं ठराविक जातीच एकत्र नांदतात, आणि त्यांतील एक-दोन जाती बाकीच्यांवर छाया धरून बसतात. अशा नांदत्या घराण्याला शास्त्रांत वनस्पतिसमाज म्हणतात. त्याची वर्गवारी कशी करावी हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटण्याजोगा आहे खरा; पण गेल्या दोन वर्षांपासून तो माझ्या मामांच्या ओसरीवर येऊन बसला आहे, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहें.

या विषयाचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास मावळ तालुक्यासारखी दुसरी शाळा सांपडणें कठीण. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास तो ४,००० मिलिमीटरांच्या घरांत जातो. आणि आगगाडीनें मधलें अंतर अवघें ६४ किलोमीटर! अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला थडकून वर चढतात, थंड होतात, आणि आपलें ओझें माथ्यावरच उतरवितात. पूर्वेकडे पोंचेपर्यंत त्यांच्या पदरीं फारसें उरत नाहीं. म्हणून लोकलच्या खिडकींत बसणाऱ्यास एका प्रवासांत तीन-चार देश पाहावयास मिळतात. देहूरोडच्या बाजूस उघड्या टेकड्यांवर कुसळी गवत, हिवर आणि बाभूळ. कान्हे-कामशेतच्या सुमारास ऐन, पळस, काटेसावर व मोई. हीं झाडें उन्हाळ्याच्या तोंडीं पानें गाळून मोकळीं होतात. मळवली सुटली कीं जांभूळ, हिरडा आणि आंबा दिसूं लागतात, व खंडाळ्याच्या दऱ्यांत अंजनी, पिसा आणि जांभूळ यांचें असें दाट रान लागतें कीं ऐन वैशाखांतहि त्याच्या तळाशीं ओलावा असतो. माघ-फाल्गुनांत अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात. तें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें लोणावळ्यास जाऊन केवळ चिक्की आणली असेंच मी म्हणेन.

हे भेद आपल्या लोकांनीं फार पूर्वींच ओळखले होते. देश, मावळ आणि कोंकण हीं नांवें कांहीं सरकारी कचेरींत ठरलेलीं नव्हेत. चरकसंहितेंत जांगल, आनूप आणि साधारण असे भूमीचे तीन प्रकार सांगून जांगल देशाची ओळख खैर, धावडा, बोर इत्यादि वृक्षांवरून दिली आहे. म्हणजे अधिवास आणि त्यांतील प्रमुख वृक्ष यांची सांगड वैद्यांनींहि घातली होती. तमिळ लोकांनीं तर याहून सुंदर योजना केली. त्यांच्या प्राचीन काव्यशास्त्रांत भूमीचे पांच विभाग मानले असून प्रत्येकास तेथील एका वनस्पतीचें नांव दिलें आहे. डोंगराळ प्रदेशाचें नांव कुरिंजी. ही कुरिंजी बारा वर्षांनीं फुलते, आणि ती दुसरी कोणी नसून आपल्या कारवीची बहीण आहे!

युरोपांत हा विषय शास्त्ररूपानें मांडणाऱ्यांत डेन्मार्कच्या वॉर्मिंग यांचा मान मोठा. त्यांनीं १८९५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत वनस्पतिसमाजांची विभागणी मुख्यतः पाण्याच्या आधारानें केली. आपल्या देशांत डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील हॅरी चॅम्पियन यांनीं १९३६ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशांतील अरण्यांचे प्रकार मांडले, आणि सेठ यांच्यासमवेत १९६८ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. तींत १६ मुख्य गट आहेत. प्रथम हवामान पाहावें, नंतर अरण्याचें रूप, आणि मग वरचढ वृक्ष, असा त्यांचा क्रम. वनखात्याच्या कागदांत अद्यापि हीच नांवें चालतात.

मात्र वरचढ कोणास म्हणावें, हा मोठा गमतीचा वाद आहे. खंडाळ्याच्या एखाद्या उतारावर उभें राहून झाडें मोजूं लागलें तर कारवीपुढें कोणाचीच गणती होणार नाहीं. माणसाच्या डोक्याहून उंच अशी तिची दाटी पायीं वाट मिळूं देत नाहीं. तरी अरण्याचें नांव घेतलें जातें तें अंजनी-जांभळाचें. कारण प्रकाश किती खालीं सोडावयाचा हें त्यांच्या हातीं असतें. पण तेथेंहि कारवी आपलें म्हणणें सोडीत नाहीं. सात-आठ वर्षें ती मुकाट्यानें वाढते, मग एकदम सारा डोंगर जांभळा करून टाकते, बीं धरते आणि मरून जाते. त्या वर्षीं तळाशीं अकस्मात् उजेड पडतो आणि इतके दिवस दबून राहिलेलीं रोपें उठतात. मग वरचढ कोण? मला विचाराल तर, संख्येनें, छायेनें आणि काळानें अशा तिन्ही मापांनीं पाहिल्याशिवाय कोणत्याहि रानास नांव देऊं नये. आमच्या मावळच्या लोकांनीं हा वाद कधींच मिटविला आहे. ते त्या उताराला सरळ 'कारवीचें रान' म्हणतात, आणि कुडाच्या भिंतींसाठीं तिच्या काठ्या आणतात.

आणखी एक अडचण अशी कीं, आज दिसतें तें रान मूळचें असेलच असें नाहीं. राबासाठीं पिढ्यान्‌पिढ्या फांद्या तोडल्या गेल्या, १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली, पुढें धरणें झालीं. जेथें करवंदीच्या जाळ्या आणि धायटी आहे तेथें पूर्वीं काय होतें तें कसें समजावें? याचें उत्तर देवराईंत मिळतें. देवाच्या धाकानें जेथें काडीहि मोडली गेली नाहीं तेथें जुन्या घराण्याची वंशावळ शिल्लक राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां विद्वानांचें लक्ष तिकडे गेलें. त्याआधीं खंडाळ्याचा प्रत्येक ओढा पायांखालीं घालून फादर सांतापाव या स्पॅनिश जेझुइट पंडितांनीं तेथील वनस्पतींचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला होता. व्यक्ति ओळखल्यावांचून समाज ओळखतां येत नाहीं, म्हणून त्यांच्या ग्रंथास पर्याय नाहीं.

आतां मामांच्या ओसरीकडे येतों. लोणावळ्याच्या दक्षिणेस एका लहान गांवीं त्यांचीं भातखाचरें आहेत. वर उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन आहे. आणि त्याच्याहि वर काळ्या कातळाचा सपाट सडा आहे. सातबाऱ्यावर त्या सड्यापुढें 'पोटखराबा' एवढाच शब्द आहे. चॅम्पियन यांचा ग्रंथ पडला अरण्यांचा. झाडच नसलेल्या कातळाला त्यांत घर कोठून मिळणार? परंतु आषाढांत तेथें जाऊन पाहावें. बोटभर मातीच्या थरांत गेंदाचीं पांढरीं बोंडें उभीं राहतात. पाणी झिरपतें तेथें सीतेची आसवें निळी चादर पसरतात. मातींत नत्र फार कमी असल्यामुळें ही चिमुकली वनस्पति जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यांतले जीव धरून खाते. भेगांत मुसळी, खळग्यांच्या कडेला कवला, श्रावण-भाद्रपदांत तेरडा आणि शेवटीं सोनकी. हातभर अंतरावर अधिवास पालटतो आणि त्याबरोबर घराणेंहि पालटतें. कार्तिकांत सारें वाळून पुन्हां नुसता कातळ उरतो; आणि पाहुणे येतात ते नेमके तेव्हां.

असेच एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वीं आले. डंपरनें माती आणून टाकूं, वर हिरवळ लावूं आणि बंगला बांधूं, असें त्यांचें म्हणणें. शेजारच्या सड्यावर तर एका संस्थेच्या मंडळींनीं सद्भावनेनेंच कातळ फोडून गिरिपुष्पाचीं रोपें लावलीं होतीं. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक वाळलीं, आणि खड्ड्यांभोंवतीं तण माजलें. ओसाड म्हटलेल्या जागीं हिरवें केलें कीं पुण्य लागतें, ही समजूत मला बंगल्याहूनहि अधिक घातक वाटते, कारण तिला कोणी अडवीत नाहीं.

मी मामांना म्हणालों, "मामा, तुमचा सडा ओसाड नाहीं, त्याला स्वतःचें कुळ आहे."

मामा म्हणाले, "असेल बाबा. पण पुस्तकांतलें कुळ सातबाऱ्यावर चढत नाहीं. धाकटीच्या नर्सिंगची फी भरायची आहे, ती त्या फुलांनीं भरते काय?"

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी तें त्यांच्या पैशानें दिलेलें उत्तर झालें असतें. मामी मात्र आंतून म्हणाल्या कीं, खालचा झरा शिमग्यापर्यंत वाहतो तो सड्याच्याच पाण्यावर, आणि दिवाळीपर्यंत गुरें वरच चरतात, तें कोण भरून देणार? मामा गप्प बसले. थोड्या वेळानें म्हणाले, "तूं एक कर. काय काय उगवतें आणि कोठें उगवतें, तें मराठींत लिहून दे. तो दिवाळीनंतर पुन्हां येणार आहे. त्याच्यापुढें कागद तरी असूं दे."

गेल्या पावसाळ्यापासून मी ती यादी करीत आहें. खळगा, भेग, पाझर, पातळ माती आणि कड्याची कड अशीं तिचीं पांच सदरें आहेत. सोळा वनस्पतींना अजून मराठी नांव मिळालेलें नाहीं. मामी म्हणतात, पाऊस पडूं दे, समोर दिसलीं म्हणजे सासूबाईंनीं सांगितलेलीं नांवें आठवतील.