कसोटीचा दगड

नशिराबादला महामार्गाच्या कडेला, जळगावहून भुसावळकडे धावणाऱ्या वाहनांच्या धुरळ्यात, चहाची एक टपरी आहे. क्रिकेटविषयीचे मूल्यनिर्णय तेथे सकाळी सात ते नऊ या वेळात होतात आणि ते सहसा अंतिम असतात. जानेवारी २०२५च्या मध्यास, केळीच्या गाड्या भरून निघून गेल्यानंतरच्या थंड सकाळी, या पीठासमोर एक नाव आले : सितांशु कोटक. भारतीय संघाचे नवे फलंदाजी-प्रशिक्षक. इंग्लंडविरुद्धच्या वीस षटकांच्या मालिकेपासून ते संघाबरोबर राहणार होते.

"याले कोन ओयखते?" हा पहिला अभिप्राय. एकाने मोबाइलवर माहिती शोधली. जन्म १९७२, सौराष्ट्राचा डावखुरा फलंदाज, प्रथम श्रेणीचे १३० सामने, ८,०६१ धावा, १५ शतके. भारताकडून सामने, शून्य. मघापासून गप्प असलेला एक तरुण या शून्यावर जवळजवळ आनंदाने बोलला, "एक म्याच खेयला नही आन् तो काय शिकवीन कोहलीले?" टपरी हसली. बाकावरचे मराठीचे निवृत्त प्राध्यापक मात्र हसले नाहीत. मुले त्यांना 'सर' म्हणतात आणि क्रिकेटच्या वादात पंच मानतात. त्या दिवशी पंचांनी निर्णय दिला नाही, चहाही अर्धा ठेवला.

उपहासाला पार्श्वभूमी होती. ऑक्टोबर २०२४मध्ये बंगळुरात न्यूझीलंडविरुद्ध भारताचा डाव ४६ धावांत आटोपला होता. पुण्यातील पराभवाने मायदेशातील सलग १८ मालिकाविजयांची परंपरा तुटली आणि मुंबईत तिसरी कसोटीही हातची गेली. त्यानंतर ऑस्ट्रेलियात मालिका १-३ अशी गमावली. विराट कोहली पर्थच्या नाबाद शतकासह नऊ डावांत १९० धावांवर थांबला, आणि आठही वेळा यष्टीमागे किंवा स्लिपच्या परिसरात झेल देऊन परतला. एकच चूक आठ वेळा होते तेव्हा प्रत्येक प्रेक्षक प्रशिक्षक होतो. ऑफ-स्टंपबाहेरचा चेंडू सोडावा, हे टपरीवरचा प्रत्येक जण पर्थपासून सांगत होता. अशा वेळी चाहत्यांना हवे असते ते एक मोठे नाव, ज्याच्या केवळ उच्चाराने धीर येईल. साहित्यविचारात याउस ज्याला 'अपेक्षाक्षितिज' म्हणतो, ते येथे संहिता हाती येण्यापूर्वीच पूर्ण तयार होते. कोटक यांनी अजून एकाही फलंदाजाला एक शब्द सांगितलेला नव्हता. त्यांचे मूल्यमापन मात्र होऊन गेले होते.

प्राध्यापकांच्या अस्वस्थतेचे कारण क्रिकेटबाहेरचे होते. बत्तीस वर्षे त्यांनी महाविद्यालयात कविता शिकवली. स्वतःची एकही ओळ छापली नाही. तरुणपणी काही लिहिले होते, ते त्यांनीच फाडले. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या संग्रहाचे प्रकाशन झाले. भाषणाच्या ओघात तो प्रेमानेच म्हणाला, की ज्या सरांनी आयुष्यात कविता केली नाही त्यांनी आम्हाला कविता शिकवली. सभागृह हसले. सरही हसले. ते हसणे घरी पोचेपर्यंत टिकले नाही. पुढे त्याच विद्यार्थ्याने दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित वाचण्यासाठी पाठवले. ते तेव्हापासून मेजाच्या खणात होते. दोनदा दूरध्वनी आला, दोनदा प्रकृतीचे कारण सांगून झाले. टपरीवरच्या त्या प्रश्नात त्यांना सभागृहातले हसू पुन्हा ऐकू आले.

येथवर हे प्रकरण दुखावलेल्या अभिमानाचे ठरले असते. पण त्यांना आणखी एक गोष्ट आठवली आणि ती अधिक अडचणीची होती. जुलै २०१९मध्ये मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारत न्यूझीलंडकडून १८ धावांनी हरला. धोनी सातव्या क्रमांकावर आला, आणि या क्रमाचा राग फलंदाजी-प्रशिक्षक संजय बांगर यांच्यावर निघाला. तेव्हा याच बाकावर, बीडमध्ये जन्मलेल्या या मराठी माणसाविषयी, "बारा कसोट्या खेळलेला माणूस, तो धोनीला काय सांगणार?" हे वाक्य उच्चारले गेले होते. उच्चारणारे प्राध्यापक होते. पुढच्याच महिन्यात मुख्य प्रशिक्षक कायम राहिले, गोलंदाजीचे आणि क्षेत्ररक्षणाचेही राहिले. बांगर तेवढे बदलले गेले. त्यांच्या जागी आलेले विक्रम राठोड सहाच कसोट्या खेळलेले होते, याकडे टपरीने लक्ष दिले नाही. जिंकत असलेल्या संघाच्या प्रशिक्षकाची कुंडली कोणी मांडत नाही. २००२मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ सकाळी द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी करताना बांगर यांनी केलेल्या ६८ धावाही कोणाला आठवल्या नाहीत. त्या डावातील द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली यांची शतके सर्वांना पाठ होती. ज्याच्या ६८ धावांमुळे पुढची शतके शक्य झाली, तो विस्मरणाच्या खात्यात जमा होतो. वाङ्मयेतिहासातही असे एक खाते असते.

ज्याला करता येते त्यालाच शिकवता येते, ही समजूत वाटते तितकी साधी नाही. मुंबईच्या क्रिकेटने तिचे सर्वांत मोठे खंडन स्वतःच्या अंगणात उभे केले होते. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले : १९६३-६४मध्ये, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून त्यांनी घडवलेला मुलगा दोनशे कसोट्या खेळला. आचरेकरांना कोणी 'कोच' म्हटले नाही, 'सर' म्हटले. मराठीने या परक्या शब्दाला गुरूच्या शेजारी पाट मांडून दिला. 'कोच' अजून ओसरीवरच आहे. सराला कोणी धावा विचारत नाही. कोचला पहिल्या दिवशी विचारतात.

राजशेखराने काव्यमीमांसेत प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार मानले, आणि त्या संदर्भात दगडांचा एक दृष्टान्त दिला : सोने देणारा पाषाण वेगळा आणि सोने पारखणारा वेगळा. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावच्या सराफ बाजारात हा दृष्टान्त रोज प्रत्यक्षात येतो. कसोटीचा काळा दगड स्वतः सोने नसतो. नसतो म्हणूनच त्यावर सोन्याची रेघ दिसते. प्राध्यापकांनी हे वर्गात अनेक वर्षे सांगितले होते. क्रिकेटमधील 'कसोटी' या शब्दाशी त्याचा संबंध त्यांना या जानेवारीत प्रथम जाणवला, आणि जाणवताच तो आपल्या फार सोयीचा आहे हेही कळले.

सोयीचा अशासाठी, की चाहत्यांच्या आक्षेपाला दुसरी बाजू आहे. अनुभव नसलेल्याने बोलू नये, हा दावा मराठीत दलित साहित्याच्या संदर्भात गांभीर्याने मांडला गेला, आणि सहानुभूती व स्वानुभूती यांतील अंतर त्याने प्रस्थापित समीक्षेला मान्य करायला लावले. तेथे प्रश्न भोगलेल्या आयुष्याचा होता आणि ते आयुष्य उसने घेता येत नव्हते. टपरीवरचा दावा शब्दांनी त्याच्यासारखा दिसतो, पण त्यात मागितला जातो तो दाखला. भारताची टोपी हा अनुभवाचा पुरावा आहे की निवडीचा? सौराष्ट्राच्या मैदानांवर दोन दशके चेंडू खेळत राहिलेल्या माणसाला फलंदाजीचा अनुभव नाही, असे म्हणणे शक्य नाही. त्याच्यापाशी नव्हती ती मान्यता. तरीही एक शंका उरते. राजकोटच्या संथ खेळपट्टीवरील धावा पर्थच्या उसळत्या चेंडूविषयी काय सांगतील, असे एका अभियंत्या मुलाने विचारले होते. तो प्रश्न समीक्षेचा होता. संदर्भ बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो, एवढे त्याला कळले होते, आणि त्याला उत्तर द्यायला हवे होते. पंच गप्प राहिले.

प्रशिक्षकाचे काम दिसत नाही, ही या व्यवसायाची मूळ अडचण आहे. धावफलकावर झेल घेणाऱ्याचे नाव असते, बदली क्षेत्ररक्षकाचीही नोंद असते. फलंदाजाने चेंडू सोडला तर तो कोणाच्या सांगण्यावरून सोडला, हे लिहिण्यासाठी रकाना नाही. जळगावशेजारच्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी कागदावर उतरवली नसती, तर १९५२चा संग्रह झाला नसता. तरी त्या गाण्यांत सोपानदेव कुठे आहेत, हे दाखवता येत नाही आणि दाखवण्याची गरजही नाही. चाहत्याला मात्र कारण हवे असते. 'लेखकाच्या मृत्यू'ची घोषणा बार्थने १९६७ साली केली. टपरीपर्यंत ती पोचलेली नाही, आणि पोचली तरी हरलेल्या संघाच्या चाहत्याला ती परवडणार नाही. पराभवाला कर्ता लागतो.

नंतरचे वर्ष याच रीतीने गेले. मार्च २०२५मध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकला, तेव्हा कोटक यांचे नाव टपरीवर निघाले नाही. मे महिन्यात रोहित आणि कोहली कसोटीतून निवृत्त झाले, आणि 'कोहलीले काय शिकवीन' हा प्रश्न कसोटीपुरता उत्तराविनाच संपला. इंग्लंडमध्ये शुभमन गिलने ७५४ धावा केल्या, मालिका २-२ अशी सुटली. श्रेय गिलचे, आणि ते योग्यच. मग नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावा हव्या असताना भारत ९३ धावांत बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत कोटक हे नाव सर्वांना ओळखीचे होते.

"सर, याले काढाले पाहिजे का नही?" अभियंत्या मुलाने विचारले. प्राध्यापकांनी त्याला शेजारी बसवले आणि दहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्या शंकेपासून सुरुवात केली : राजकोटची खेळपट्टी, पर्थची, आता ईडन गार्डन्सची. फिरकीपुढे कोणाचा पाय कुठे पडत होता, हे दोघांनी टपरीच्या फळीवर बिस्किटे मांडून पाहिले. एकमत झाले नाही. मुलगा कामावर गेला.

घरी आल्यावर त्यांनी खण उघडला. हस्तलिखित जाड होते. जानेवारीतल्या त्या सकाळनंतर त्यांनी त्याची पंधरा पाने वाचली होती आणि खुणा न करताच ठेवून दिली होती. या वेळी पेन्सिल टोकदार करून ते पुन्हा पहिल्या पानापासून निघाले. तिसऱ्या कवितेत एक विशेषण दोनदा आले होते. त्यांनी दुसऱ्यावर बारीक रेघ मारली, समासात प्रश्नचिन्ह घातले आणि पान उलटले.