हात खाली घ्या!

मराठीचा प्राध्यापक आणि पिस्तूल ह्यांचा संबंध काय, हा प्रश्न आमच्या घरात प्रथम मातोश्रींनी विचारला. त्या तुळशीला पाणी घालीत होत्या आणि मी व्हरांड्यात उजव्या हाताने पाण्याची भरलेली बाटली खांद्याच्या रेषेत धरून, एक डोळा बारीक करून उभा होतो. "काय रे, हात अवघडलाय का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही, नेमबाजीचा सराव करतोय." त्यांनी तांब्या खाली ठेवला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिले आणि म्हणाल्या, "तुझी जीभ आहे की! आणखी पिस्तूल कशाला?"

आईच्या ह्या वाक्याकडे मी पुन्हा येणारच आहे. आधी आमच्या ह्या अचाट उद्योगाची जन्मकथा सांगतो.

2024 सालच्या उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिंपिक भरले. 28 जुलैला मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले आणि 1 ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकले. रेल्वेत तिकीट तपासणारा हा मुलगा बालेवाडीच्या रेंजवर सराव करीत असे. बालेवाडी म्हणजे आमच्या वाकडच्या पुलापलीकडे! 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या त्या क्रीडानगरीवरून आम्ही तीस वर्षे मुंबईला जात-येत होतो; पण आत काय चालते हे पाहण्याची बुद्धी आम्हांला पॅरिसने दिली.

आम्ही म्हणजे चौघे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना चालवणारे अण्णा, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, निगडीचे दाताचे डॉक्टर, आणि मी. अण्णांनी कॉलेजात असताना एन.सी.सी.त रायफल हाताळली होती. डॉक्टरांचा हात धंद्यानेच स्थिर. वहिनी बँकेत नोटा मोजीत आणि त्यांची एकही मोजणी कधी चुकलेली नव्हती. माझ्यापाशी ह्यांपैकी काहीच भांडवल नव्हते; पण चौघांत एक हसण्याजोगा असावा लागतो, ती जागा रिकामी होती.

बालेवाडीला जाऊन आम्ही रीतसर धडे घेतले. शिकवायला एक पोरसवदा मास्तरीण होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. राही सरनोबतने 2018 साली जकार्ताच्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ही शाळेत होती आणि त्या दिवसापासून तिने पिस्तुलाचा ध्यास घेतला, असे तिने सांगितले. पहिले दोन दिवस तिने आम्हांला छर्राच दिला नाही. पिस्तुलाचे तोंड सदैव लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर, पुढे माणूस असेल तर पिस्तूल टेबलावर आणि आपण मागे, हे तिने आमच्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले.

मग अण्णांनी आपल्या शेडमध्येच दहा मीटरची एक गल्ली तयार केली. परवान्या-कागदांचे काय असेल ते चोख विचारून घेतले, मागे जाड पोलादी पत्रा तिरपा बसवला, बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या. आमचा दिवस ठरला गुरुवार. परगावच्या वाचकांना सांगायला हवे, की आमच्या ह्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्या दिवशी यंत्रे गप्प असतात. चार वाजता माझा शेवटचा तास संपतो आणि मी चिंचवडहून निघतो.

हा रस्ता मोठा विलक्षण आहे. निघताना पहिला लागतो चापेकर चौक. ज्या चौकात आज मोटारींना वळायला जागा नाही, त्याच्या जवळच चापेकर बंधूंचा वाडा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. व्यायाम करायचा, शस्त्रे चालवायला शिकायचे, एवढ्यासाठी ह्या भावांनी तरुणांचा एक गट बांधला होता. चार मित्रांनी जमून नेम धरायला शिकावे, ही ह्या भागातली रीत आमच्यापासून सुरू झालेली नाही. पण आमचा पणाला लागतो गुरुवार, त्यांचे प्राण लागले होते. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा सूड म्हणून 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत त्यांनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री मागच्या गाडीतल्या आयर्स्टवरही गोळी सुटली. तो जागच्या जागी गेला. रँड 3 जुलैला गेला. आयर्स्टला मारण्याचा बेत नव्हता. तिघे भाऊ आणि त्यांचे मित्र महादेव रानडे, असे चौघे 1898 आणि 1899 ह्या दोन वर्षांत फासावर चढले.

शाळेत हा इतिहास मी अंगावर रोमांच उभे करीत वाचला होता. आजही त्या चौकात मान आपोआप लवते. पण स्वतः हातात पिस्तूल धरायला लागल्यापासून मला त्या मागच्या गाडीचीही आठवण येऊ लागली आहे. एवढी जिवावरची तयारी केलेल्यांचाही एक बार भलतीकडे गेला. सुटलेली गोळी कोणाला ओळखत नाही.

निगडी मागे पडते, तळवडे येते आणि मग इंद्रायणीचा पूल. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. पुलावर ट्रकांची रांग इतकी असते, की दोन्ही संतांचे स्मरण करायला भरपूर वेळ मिळतो. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या ह्याच नदीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी नदीने त्या कोरड्या परत दिल्या, असे वारकरी सांगतात. मी वर्गात ही कथा दर वर्षी सांगतो. तुकोबांचे शब्द परत आले. आपले येत नाहीत.

पुलापलीकडे महाळुंगे आणि मग चाकण. एके काळी चाकण म्हटले की कांदा आठवे. आता मोटार आठवते. त्या दोहोंच्या गर्दीत संग्रामदुर्गाचे उरलेसुरले अवशेष उभे आहेत. 1660 च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर शिबंदीनिशी शाहिस्तेखानाची अफाट फौज इथे जवळजवळ दोन महिने थोपवून धरली. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच किल्ला पडला. चाकणच्या मातीला थांबण्याचा सराव जुना आहे. तळेगाव चौकात संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या कोणालाही हे पटेल.

आता शेडमध्ये चला. दार आतून बंद. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. दहा मीटरवर, जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीवर, एक कागद. त्याच्या मध्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढा. पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालणारे, वजनाने किलोभर. ते एकाच हाताने धरायचे, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही. स्पर्धेत असे साठ बार पंचाहत्तर मिनिटांत टाकावे लागतात.

ऐकायला सोपे. पण हात पुढे केला, की कळते आपण किती अस्थिर प्राणी आहोत! नाडी उडते ती पिस्तुलाच्या टोकाला दिसते. श्वास घेतला की टोक वर, सोडला की खाली. शिवाय डोळ्याचा पेच वेगळाच. मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. पाहायचे ते माशीकडे. लक्ष्य धूसरच राहू द्यायचे. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्याला माशीही धूसर! शेवटी डॉक्टरांनी खास चष्मा करायला पाठवले.

"हात पूर्ण स्थिर होईल तेव्हा चाप ओढू म्हणालात, तर कधीच ओढणार नाही," मास्तरीणबाईंनी सांगितले होते. "हात हलणारच. हलता हलताच चाप हळूहळू दाबत जायचा. बार सुटला की तुम्हांलाच नवल वाटलं पाहिजे." आणि दुसरे, जे त्यांनी माझ्या बाबतीत शंभरदा सांगितले: "आठ-दहा सेकंद झाली, मनाजोगं जमलं नाही, की हात खाली घ्या. सर, हात खाली घ्या!"

हेच मला जमेना. वर उचललेला हात काही न करता खाली आणायचा म्हणजे हार, असे वाटे. हात थकलेला, माशी भरकटलेली, तरी मी चाप ओढून मोकळा होई. छर्रा कागदाच्या कोपऱ्यात जाई. वहिनी मात्र तीन तीन वेळा हात उचलून खाली घेत आणि चौथ्या वेळी दहाच्या वर्तुळात भोक पाडीत. "भावोजी, न मारलेल्या बाराचे गुण कोणी कापत नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी परतताना इंद्रायणीच्या पुलावर मला आईचे वाक्य आठवले आणि त्याच्यामागोमाग एक मुलगा आठवला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चाचणी परीक्षा चालू होती. पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा मांडीवरच्या चिठ्ठीत पाहत होता. मी चिठ्ठी हिसकावली, ती न वाचताच वर उंच धरली आणि त्याच्या झोपाळू डोळ्यांवर, त्याच्या गावावर, त्याच्या भाषेवर एक वाक्य फेकले. वाक्य चांगले घडवलेले होते. मराठीचा प्राध्यापक आहे मी. वर्ग खदखदून हसला. मुलगा उठून गेला. मग मी चिठ्ठी वाचली. तिच्यावर आठवड्याच्या पाळ्या आणि कंपनीच्या बसच्या वेळा लिहिलेल्या होत्या. तो रात्री चाकणला काम करून सकाळी वर्गात बसत होता. तो पुन्हा आला नाही. मी त्याला शोधलेही नाही. 'येईल' म्हणालो, मग 'आता काय' म्हणालो. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. एकदा सुटले तेवढे पुरे.

पुलावर माझ्या शेजारी कामगारांची बस उभी होती. खिडक्यांना टेकून पोरे झोपली होती. त्यांत तो नव्हता. असता तरी मला ओळखता आला असता की नाही, ठाऊक नाही. पण मला एकदम उमगले, की ह्या वयात मी चाकणला पिस्तूल चालवायला शिकत नव्हतो. उचललेला हात खाली कसा आणायचा, ते शिकत होतो. आणि हा धडा मला तीन वर्षे उशिरा मिळत होता.

त्यानंतर मी हात खाली घ्यायला लागलो. गुण वाढले, असे खोटे सांगत नाही. वहिनींच्या जवळपासही मी नाही. पण कोपऱ्यातली भोके थांबली. वर्गातही दोनदा वाक्य ओठांवर आले आणि मी फळ्याकडे वळलो.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी सराव संपवून आम्ही साबणाने हात धुतले. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा हात धुतल्याखेरीज चहाला शिवायचे नाही, हा वहिनींचा दंडक. मग मी बाहेर येऊन खिशातला कागद काढला. कार्यालयातल्या जुन्या अर्जावरून त्या मुलाचा क्रमांक उतरून घेतला होता. बोट हलत होते. पण ह्या वेळी हात खाली घ्यायचा नव्हता.

त्याने आवाज ओळखला. "सर, मी पाळीवर आहे. रात्री करतो," म्हणाला आणि फोन ठेवला. बारा वाजायला आले तेव्हा फोन वाजला. मी माफी मागितली. सजवलेले शब्द नव्हते. होते ते तुटक होते. पलीकडे बराच वेळ बसचा आवाज येत राहिला.

"मी ते विसरलो नाही, सर," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्हीपण नाही वाटतं."

मी 'नाही' म्हणालो. शिक्षण सुटले का, हे विचारायचा धीर होईना. त्यानेच सांगितले. मुक्त विद्यापीठातून दुसरे वर्ष झाले होते.

"तिसऱ्याला काय घेतलंस?"

"मराठीच," तो म्हणाला. "गुरुवारी सुट्टी असते, सर. काही अडलं तर येऊ का?"

आमचा सराव आता गुरुवारी सहाऐवजी सातला सुरू होतो. आधीचा एक तास अण्णांच्या शेडमधल्या टेबलावर पुस्तके असतात. अण्णा कुरकुरतात, डॉक्टर घड्याळ पाहतात. वहिनी तेवढ्या चहाचा एक कप जास्त मांडतात.