कुटकी, भाकर आणि मॅरेथॉन
पोलीस भरतीसाठी पळणारी मेळघाटातल्या धारणीची काही पोरं पहाटे नुसत्या चहावर मैदान गाठतात. 1600 मीटरपुरतं ते खपतं. 42.195 किलोमीटरच्या मॅरेथॉनला मात्र पोटाचा हिशेब द्यावा लागतो.

स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन जोराच्या धावेत साधारण दीड-दोन तासांत आटतं. मग पाय उचलेनासे होतात. हा साठा भरतात कर्बोदकं. केनियाचे धावपटू मक्याचा उगाली खातात. मेळघाटातल्या कोरकू घरांत मका-ज्वारीची भाकर आणि कुटकी या भरडधान्याचा भात आहेच.

उणीव राहते ती प्रथिनांची, लोहाची.

खेड्यातूनही मोठी मजल मारता येते: सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतनं 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य जिंकलं. धारणीच्या पोरांनी प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यांमागे लागू नये. धावण्याआधी भाकर-गूळ, नंतर उसळ खावी. चहा जेवणासोबत नको. तो लोह नीट शोषू देत नाही.