दहा हजारांतलं स्वयंपाकघर

सातारा

चि. मनीस,



फोटो मिळाले. सदाशिव पेठेतली जुनी इमारत, एका माणसाला वळता येईल एवढं स्वयंपाकघर, काळा कडाप्प्याचा ओटा, वर एक लांब फळी, आणि सांधे काळवंडलेल्या पांढऱ्या टाइल्स. मॉड्युलर किचनवाल्याने दीड लाख सांगितले. तुम्हा दोघांकडे लग्नाच्या खर्चातून उरलेले दहा हजार आहेत. घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा, आणि मालक रंगाला एक रुपया देणार नाहीत. हे सगळं वाचलं. पण शेवटी तू लिहिलंयस, ‘तोवर असंच चालवून घेऊ’, त्या वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

चालवून घेऊ नकोस गं. जिथे रोज सकाळ-संध्याकाळ उभं राहायचं ती जागा पहिल्या महिन्यापासून आवडायला हवी, आणि दहा हजारांत ती तशी होते. फक्त एक पथ्य पाळ. झाकण्यासाठी पैसे घालू नकोस, नीट दिसण्यासाठी घाल. दिवा, भिंत आणि रोज हाताखाली येणाऱ्या वस्तू, एवढ्यावरच खर्च. शटर, स्टिकर, कव्हरं यांतलं काही घ्यावंसं वाटलं की आधी स्वतःला विचार, हे कशावर पांघरूण घालायला घेतेय?

सुरुवात दिव्यापासून कर. फोटोत तुझी ट्यूब दाराच्या वर दिसते. ओट्याशी उभी राहिलीस की ती पाठीमागे येते आणि तुझ्याच डोक्याची सावली चिरायच्या पाटावर पडते. संध्याकाळी स्वयंपाकघरात जावंसं वाटत नाही असं तू म्हणतेस, त्याचं निम्मं कारण हे आहे. माणसं रंग बदलतात, टाइल्स बदलतात, दिवा मात्र बिल्डरने लावला तिथेच राहतो. ओट्यावरच्या फळीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी, चार फुटी २० वॅटची एलईडी बॅटन लावून घे. अडीचशे-तीनशे रुपयांत मिळते. घेताना खोक्यावरचा केल्विनचा आकडा वाच. ६५०० लिहिलेली निळसर पांढरी असते, तिच्या उजेडात वरण फिकं दिसतं आणि टोमॅटोचा लालपणा मरतो. ४००० ची माग. दुकानदार ‘सगळे हीच नेतात’ म्हणत ६५०० ची पुढे करेल, पण तू हटू नकोस. वायर मात्र वायरमनकडूनच ओढून घे. शेगडीच्या डोक्यावरून नको आणि नळाजवळून नको. हे झालं की त्याच संध्याकाळी ओटा उजळेल, आणि मग बाकीचं काय खरंच वाईट आहे आणि काय नुसतं अंधारात वाईट दिसत होतं ते कळेल.

जागा लहान आहे म्हणून तू फार हिरमुसली आहेस. म्हणून तुला एक गोष्ट सांगते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी आणि साध्या पगारदारांसाठी घरं बांधायला घेतली होती. त्यातलं स्वयंपाकघर आखलं मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुरचनाकार बाईंनी. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. म्हणजे सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट, तुझ्यापेक्षा थोडंसंच मोठं. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं, कारण तिथे तेवढ्याच जागेत कितीतरी माणसांचं जेवण तयार होतं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब त्यांनी केला. कामाचं टेबल खिडकीशी ठेवलं. छतावरचा दिवा रुळावर बसवला, म्हणजे लागेल तिथे सरकवता यावा. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण केले, नाव लिहिलेले, पुढे ओतायला चोच असलेले. पिठाचे खण तेवढे ओक लाकडाचे, कारण त्या लाकडाच्या अंगच्या द्रव्याने पिठात कीड धरत नाही. फळ्यांना निळसर हिरवा रंग दिला, माश्या त्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानत. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजचं तुझं दीड लाखांचं मॉड्युलर किचन त्यांच्याच वंशातलं. गंमत बघ, त्या मूळ स्वयंपाकघराचा सगळा थाट कमी खर्चात, कमी जागेत बसवण्यासाठीच होता. बाजाराने त्याची ऐपत दाखवायची वस्तू केली, याचं मला वाईट वाटतं.

आता भिंत. टाइल्सवर चिकटवायचे संगमरवरी नक्षीचे स्टिकर तू पाहून ठेवलेस, ते घेऊ नकोस. शेगडीच्या उष्णतेने त्यांच्या कडा सुटतात, सुटलेल्या कडेत तेल शिरतं आणि त्यामागे झुरळांची वस्ती होते. तुझ्या टाइल्स चांगल्या आहेत, त्यांचे सांधे तेवढे खराब आहेत. किलो-दोन किलो पांढरं सिमेंट आण. आधी खायचा सोडा आणि कडक ब्रशने टाइल्सवरचं तेल काढ. मग जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सांध्यांतलं काळं खरवडून काढ. हे काम कंटाळवाणं आहे, गाणी लावून दोघांनी मिळून करा. सांधे ओल्या फडक्याने भिजव, सिमेंट श्रीखंडाइतकं घट्ट कालव आणि बोटाने दाबून भर. हातात रबरी मोजे घाल, नाहीतर कातडी फाटते. जरा आवळलं की ओल्या स्पंजने टाइल्सवरचं पुसून घे, फार वेळ थांबलीस तर ते डाग निघता निघत नाहीत. पुढचे दोन-तीन दिवस सांध्यांवर पाणी शिंपडत राहा. काम संपेल तेव्हा टाइल्स नव्या घातल्या की काय असं शेजारच्या काकू विचारतील.

टाइल्सच्या वरची भिंत आणि छत यांना साधं डिस्टेंपर. छत पांढरंच ठेव, म्हणजे खिडकीचा उजेड खाली परततो. भिंतीला ताकासारखा, पिवळ्याची जेमतेम चाहूल असलेला पांढरा. तुझी खिडकी उत्तरेला आहे, निव्वळ पांढऱ्यावर तिथला उजेड थंड पडेल. एक भिंत जांभळी करायची तुझी इच्छा बाहेरच्या खोलीत पुरी कर. रंगारी एका दिवसात दोन हात मारून जाईल. त्याला पैसे दे आणि पोटभर जेवू घाल.

ओट्याला हात लावायच्या आधी त्याची जात समजून घे. कडाप्पा आंध्रातल्या कडप्याकडचा दगड, चुनखडीच्या जातीचा. त्याला आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं की पांढुरका चट्टा पडतो, आणि तो मळ नसतो, दगडच खाल्लेला असतो. म्हणून घासून जात नाही. तुझ्या ओट्यावरचे चट्टे तसलेच दिसतात. कोणी ॲसिडने धुवायला सांगेल, अजिबात ऐकू नकोस. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव, रात्री खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरव आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसून काढ. काळा रंग वर येतो, चट्टे बरेचसे मिटतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करायचं. ग्रॅनाइटच्या ओट्याला अशी निगा लागत नाही हे खरं, पण जुन्या कडाप्प्याचा तो गर्द मऊपणा ग्रॅनाइटला कुठला?

ओट्याखाली शटर लावायचं म्हणतेस. पडदा लाव. स्वस्त पडतो हे एक, पण मला त्यापेक्षा मोठं कारण सिलिंडरचं वाटतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि बंद शटरच्या आड तर कोंडूनच राहतो. शटर करायचंच झालं तर त्याला तळाशी आणि वर भोकं लागतात. पडदा जमिनीपासून चार बोटं वर ठेव, हवा खेळती राहते आणि फरशी पुसायलाही बरं. कापड सुतीच घे, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. तुझ्या आजीची ती काठाची, विटलेली चौकडी साडी माझ्या ट्रंकेत आहे, धुऊन पाठवते. काठ खाली येईल अशी शिव, वर नेफा घालून पडद्याची स्प्रिंग ओव. शेगडीच्या अगदी जवळ झुळझुळू देऊ नकोस, दोन्ही बाजूंनी बांधायला नाड्या ठेव. आणि सिलिंडरची नळी किती वर्षांची झाली तेही बघ. तिच्यावर छापलेलं असतं, पाच वर्षांवर गेली असेल तर आधी ती बदल, मग पडदा.

आता मला सगळ्यात आवडीचं. स्टीलची मांडणी. तुझ्या पिढीला ती जुनाट वाटते, आणि मला तर स्वयंपाकघरात तिच्याइतकं देखणं काही वाटत नाही. उभी ताटं, पुढे वाट्यांची रांग, खालच्या हुकांना झारा, उलथनं, डाव, चिमटा. धुतलेलं भांडं निथळायला तिथेच, ठेवायला तिथेच, घ्यायला तिथेच. सकाळचा उजेड ताटांवर पडला की पलीकडची भिंतही उजळते. नवी घ्यायची तर तुळशीबागेत भाव कर, आणि बुधवारी किंवा रविवारी वेळ मिळाला तर आधी जुन्या बाजारात एक फेरी मार. घडण तपासून घे, सांधा डुगडुगत नाही ना, हुकांची धार हाताला लागत नाही ना. भिंतीत फिशर आणि लांब स्क्रू लागतील, भरलेली मांडणी फार जड होते. त्याला मालकांची परवानगी आधी माग, आणि सोडताना भोकं बुजवून देईन असं चिठ्ठीवर लिहून दे. तेवढ्याने बहुतेक माणसं हो म्हणतात. घर बदललंस तर मांडणी बरोबर येईल. शटर आलं असतं का?

फळीवर काचेच्या बरण्या. कॉफीच्या, लोणच्याच्या, जशा रिकाम्या होतील तशा जमव, एकदम संच आणू नकोस. झाकणं मात्र बाहेरून एकाच रंगाच्या एनॅमलने रंगव, विजोडपणा तेवढ्यानेच जातो. त्यात तूर, मसूर, हिरवे मूग, राजमा, पोहे. घरातले सगळ्यात सुंदर रंग डाळींचे असतात आणि आपण ते स्टीलच्या डब्यात कोंडून ठेवतो. हळद-तिखट मात्र काचेत ठेवायचं नाही. उजेडाने रंग उडतो, वास जातो. त्यांना मिसळणाचा डबाच हवा.

आईकडचे दोन पितळी डबे तू माग. ती नाही म्हणणार नाही, माळ्यावर पडून आहेत. तांदूळ, साखर असलं कोरडं त्यात बिनधास्त ठेव, आंबट काही ठेवायचं तर आधी कल्हई हवी. फळीच्या दोन टोकांना ते दोन डबे ठेवलेस की आणखी शोभेचं काही लागणार नाही. प्लास्टिकची फुलं नकोत, ‘किचन’ लिहिलेली पाटी नको. खिडकीत गवती चहाची एक कुंडी ठेव, उजेड बरा मिळाला तर वाढेल, नाहीतर मी दुसरं रोप देईन.

हे सगळं एका रविवारात करू नकोस. दिवा, सांधे आणि रंग आधी उरकून घे. मग पंधरा-वीस दिवस नुसता स्वयंपाक कर आणि हात कुठे जातो ते बघ. सांडशीसाठी तुझा हात उजवीकडे जात असेल तर खिळा उजवीकडे, माझं किंवा सासूबाईंचं काय म्हणणं आहे ते सोडून दे. माझ्या अंदाजाने दिवा, रंग, मांडणी, पडदा मिळून सात-साडेसात हजारांत बसतील. उरलेले खर्चू नकोस, एखादी चांगली जड कढई दिसेल तेव्हा उपयोगी पडतील.

एक राहिलंच. जुन्या घरांतले ओटे बहुधा बुटके असतात, आणि तू उंच आहेस. ताठ उभी राहा, कोपर काटकोनात वाकव आणि कोपरापासून ओट्यापर्यंतचं अंतर जावयांना टेपने मोजायला सांग. चार ते सहा इंच असेल तर ठीक. जास्त भरलं तर चिरण्यासाठी खाली पाय लावलेला जाड पाट आपल्या गावच्या सुताराकडून करून पाठवते, म्हणजे वाकून कंबर धरणार नाही. आकडा लगेच कळव, सुतार पुढच्या आठवड्यात लग्नाच्या कामाला कराडला जाणार आहे. साडी आणि पाट एकाच पार्सलात येतील.

जावयांना आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी